बा. मृ. १९५५

केलीव्हिल, सिडनी
रविवार, ९ ऑगस्ट १९९८

सुहास,

वर आधी 'चि.' लिहिलं होतं, ते खोडलंय. कागद खराब झाला, पण नवा घेतला नाही. नवा घेतला असता तर हे पत्रही आधीच्या तीन पत्रांसारखं खणात पडून राहिलं असतं.

आई गेली त्याला या ऑक्टोबरात चार वर्षं होतील, आणि आपण बोललो त्यालाही. दर दिवाळीला इकडून कार्ड जात होतं, त्यावर आमच्या दोघांच्या सह्या मेधाच करायची. तू उत्तर पाठवलं नाहीस ते बरोबरच होतं. तेरावं उरकल्यावर बहिणीला आई गेल्याचं कळवणाऱ्या भावाला काय उत्तर द्यायचं? पुण्याहून फोन लागत नव्हता असं मी तेव्हा सांगितलं होतं. ते आता राहू दे.

इकडे ठीक आहे. मागच्या पंधरवड्यात साऱ्या शहराला पाणी उकळून प्यायला लावलं होतं, नळाच्या पाण्यात जंतू निघाले म्हणून. मेधा म्हणाली, पुणं सोडून एवढ्या लांब आलो ते पातेल्यात पाणी उकळायलाच का? तिचा पाय आता बरा आहे. माझी शुगर थोडी वाढली आहे.

मुद्द्यावर येतो. तुझ्या केलीचं मला पत्र आलं. कशाबद्दल ते तुला सांगायचं नाही अशी शपथ घातलीये, आणि ती शपथ दोनदा अधोरेखित केलीये. एवढंच सांगतो की तिला घराण्याचा इतिहास शोधायचं वेड लागलं आहे, जे तुला दिसतच असेल. तुमच्या वेरिबीच्या लायब्ररीत शनिवारी काही म्हाताऱ्या बायका जमतात आणि आपापले पूर्वज शोधतात, त्यांच्यात ही सतरा वर्षांची मुलगी जाऊन बसते म्हणे. हर्बर्टच्या बाजूचं तिला सगळं मिळालं. वसईच्या फादरांनी बाप्तिस्म्याच्या वह्यांतून सात पिढ्या स्वतःच्या हाताने उतरवून पाठवल्या. तुझ्या बाजूला मात्र तुझं नाव, वर आई आणि बापू, आणि त्यावर कोरा कागद. 'मम सेज आस्क श्री मामा, ही नोज ऑल अबाउट दिस स्टफ,' असं तिने लिहिलंय. तू खरंच असं म्हणालीस का?

नाही म्हणायला, मला यातलं थोडंफार कळतं. इथल्या मंडळात मी दरवर्षी यावर बोलतो. आधी घरातलं सर्वांत म्हातारं माणूस गाठा, टेपरेकॉर्डर लावा, आणि मध्ये मध्ये बोलू नका. मग नाशिक-त्र्यंबकचे उपाध्ये. त्यांच्या वह्यांत तुमच्या पणजोबांची सही त्यांच्याच अक्षरात सापडेल. मग शाळेचे दाखले, गावच्या जमिनीचे उतारे. आणि सगळ्यात शेवटी छापील कुलवृत्तांत. लोकांना वाटतं तो आधी बघावा. मी सांगतो, छापलेल्यावर सर्वांत कमी विश्वास ठेवा.

आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत त्र्याण्णव साली निघाला. तुला कदाचित माहीत नसेल. कधी हाती लागलाच तर एवढं लक्षात ठेव की त्यात मुद्रणदोष पुष्कळ आहेत. बापूंची जन्मतारीखसुद्धा चुकली आहे. केली काही वाचून घ्यायला आलीच, तर 'मामालाच विचार' म्हण. तुला बारीक अक्षर वाचायचा त्रासही होतो ना?

हर्बर्टला नमस्कार. खाली 'दादा' लिहायचं की नुसतं नाव, हे ठरवता येत नाही.

श्रीनिवास


केलीव्हिल
रविवार, २३ ऑगस्ट १९९८

सुहास,

तुझं कार्ड मिळालं. 'पत्र पोचलं. चष्मा नवा केला आहे. आता सगळं स्वच्छ दिसतं. — सुहास.' मेधाने ते वाचलं आणि खूप हसली. मला हसू आलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं.

केलीची शपथ मोडतो आहे. मोडायची वेळच तिने आणली आहे. मुलगी तुझ्यावर गेली आहे, एकदा एखादी गोष्ट धरली की सोडत नाही. तिने मेलबर्नच्या मराठी मंडळाच्या अंकात चार ओळी छापून आणल्या, कुणीतरी तिला पुण्याचा पत्ता दिला, आणि कुलवृत्तांताच्या संपादकांनी, आपल्या चारुदत्तकाकांनी, तिला अख्खा ग्रंथ समुद्रमार्गे धाडून दिला. परदेशात वाढलेली मुलगी एवढी आस्था दाखवते म्हणून काका भारावले असणार. सूचीतल्या इंग्रजी अक्षरांवरून तिने आपलं घर शोधलं. पान तीनशे बारा. त्याची झेरॉक्स काढून, पिवळ्या पेनाने ओळी रंगवून, तिने माझ्याकडे पाठवली. मामा, प्लीज ट्रान्सलेट, अँड नॉट अ वर्ड टू मम. बारा सप्टेंबरला तुझ्या वाढदिवसाला तुला द्यायचं आहे.

मी भाषांतर करून पाठवलं.

वाटलं होतं तेवढ्यावर भागेल. शुक्रवारी तिचा फोन आला. "मामा, मराठी इज सो कॉम्पॅक्ट! ममच्या लाइनमध्ये फक्त चार वर्ड्स आहेत, आणि तुझं इंग्लिश बघ, टू फुल लाइन्स." मी म्हटलं, हो, आपली भाषा तशी आटोपशीर आहे. मग तिने विचारलं, ते नावापुढे दोन आकडे आहेत, एक तर बर्थ इयर, दुसरा कसला? मी म्हटलं, घराण्याचा अनुक्रमांक. सुहास, पूर्वज कसे शोधावे यावर मी भाषणं देतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

ती नुसतं माझं इंग्रजी तुला देणार नाहीये. ते ती खाली छोट्या अक्षरात लावणार आहे. मधोमध मूळ पानच येणार, दुकानातून मोठं करून, काचेची फ्रेम करून. मी म्हणालो, अगं, ते छापील पान कळकट दिसेल, नुसतं इंग्रजी लाव. ती म्हणाली, "नो वे, मामा. द ओरिजिनल इज द होल पॉइंट."

तेव्हा आता तुला आधी सांगायला हवं. त्या पानावर तुझ्या नावापुढे एक चूक झाली आहे. 'सुहासिनी, ज. १९५३, बा. मृ. १९५५.' ज. म्हणजे जन्म. बा. मृ. म्हणजे बालपणी मृत्यू. मुद्रणदोष आहे, दुसरं काही नाही. वरच्या पिढीत बापूंची एक बहीण लहानपणी गेली होती, तिची अक्षरं खाली सरकली असावीत. हजार पानांचा ग्रंथ, तपासणारे सगळे सत्तरीचे. भाषांतरात मी ती चूक दुरुस्त केली आहे. तुझं लग्नाचं साल, हर्बर्टचं पूर्ण नाव, वसई, केली, सगळं नीट घातलं आहे.

तर त्या दिवशी फ्रेम उघडल्यावर तू दचकू नयेस आणि पोरीचा विरस होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितो आहे. तिने फार कष्ट घेतले आहेत. मलाही बोलावलं आहे तिने. यावं की नाही?

श्रीनिवास


केलीव्हिल
गुरुवार, १० सप्टेंबर १९९८

सुहास,

तुझं उत्तर आलं नाही, आणि ते का आलं नाही याचा मी अंदाज करू शकतो. मेधाला काल मी तेवीस तारखेच्या पत्रात काय लिहिलं ते सांगितलं. ती ओट्याशी उभी होती, पुन्हा सुरू झालेलं उकळायचं पाणी गाळत होती. म्हणाली, "मुद्रणदोष? श्री, तुझ्या हाताने लिहिलंस ना? मग तुझ्याच तोंडाने सांग तिला." आणि दुसऱ्या खोलीत गेली.

मी लिहिलं, सुहास. छापणाऱ्यांनी नाही.

ब्याण्णव साली चारुदत्तकाकांचा फॉर्म आला. प्रत्येक घराने आपापली माहिती भरून पाठवायची. माझ्या वाट्याला बापूंचं घर आलं, थोरला म्हणून. आईचं, बापूंचं, माझं, मेधाचं भरलं. तुझ्या नावाशी थांबलो. मुलगी असेल तर तिच्यापुढे लिहायचं, विवाहित असल्यास पतीचे संपूर्ण नाव, आडनाव, मूळ गाव. ती जागा मी कोरी ठेवली आणि फॉर्म पाठवून दिला. महिन्याने परत आला. काकांनी त्या जागेभोवती तांबड्या पेन्सिलीने गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं, 'कृपया रिकामी जागा सोडू नये. विवाहित / अविवाहित / बा. मृ. यांपैकी एक.'

विवाहित लिहिलं तर हर्बर्ट लोपीस, वसई, असं लिहावं लागलं असतं. अविवाहित लिहिलं तर एकोणचाळीस वर्षांची मुलगी अजून अविवाहित कशी, म्हणून पुण्यात आईला लोकांनी विचारलं असतं. तिसरं लिहिलं की कुणी काही विचारत नाही. मेलेल्या बाळाबद्दल कोण विचारतं? अंगणातलं गवत कापून आत आलो होतो, हातही धुतला नव्हता, आणि उभ्या उभ्याच लिहिलं. १९५५ कुठून आलं ते मला आजही माहीत नाही. दोन वर्षांची असताना तुला गोवर झाला होता, ते डोक्यात असेल.

पहिल्या पत्रात 'चि.' का खोडलं, ते आता तुला कळेल. ज्या हाताने ते लिहिलं त्याच हाताने तुला चिरंजीव कसं लिहू?

आईसाठी केलं असं मी मनाला समजावत होतो. तुला तसंच सांगायचंही ठरवलं होतं. पण आईने कधी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. तुझ्या लग्नानंतर ती दोन वर्षं तुझ्याशी बोलली नाही हे खरं, पण नंतर तुझी पत्रं तिच्या उशीखाली असायची, हे तुलाही माहीत आहे. ग्रंथ पुण्याला पोचला तेव्हा तिने फोन केला. मी विचारलं, कसा झालाय? ती म्हणाली, "पान बघितलं. माझी मुलगी कधी गेली रे? मला कळवलंसुद्धा नाहीस." मी काहीतरी सांगितलं. तिने फोन ठेवला. तो ग्रंथ तिने कुणालाही दाखवला नाही. ती गेल्यावर कपाटात सापडला, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला.

आणि पुढच्या वर्षी ती खरंच गेली, तेव्हा मी तुला तेरा दिवस कळवलं नाही. फोन लागत होता, सुहास. पुण्यातल्या माणसांत तू हर्बर्टला घेऊन उभी राहिली असतीस, आणि त्या माणसांकडे तो ग्रंथ होता.

कुलवृत्तांताच्या फॉर्मच्या तीन वर्षं आधीचा दुसरा फॉर्मही आठव. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचा. तेव्हा बहीण इथे असली की जादा गुण मिळायचे. त्यावर मी तुझं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, जन्मतारीख, पत्ता, नातं, सगळं, एकही जागा रिकामी नाही. तू आणि हर्बर्टने हमीच्या कागदावर सह्या केल्या. आम्ही आलो तेव्हा पाच महिने तुमच्या घरी राहिलो. केली नऊ वर्षांची होती, तिने तिची खोली आम्हाला दिली आणि स्वतः बैठकीत झोपली. तीच केली आता माझ्याकडून वाचून घेते आहे की तिची आई कोण.

भाषांतरात माझी स्वतःची नोंद मी गाळली आहे. विनय म्हणून समज.

हे पत्र टपालाने शनिवारच्या आत पोचणार नाही. मी येतो आहे. सकाळच्या विमानाने मेलबर्नला येईन, आणि फ्रेम उघडायच्या आधी हे तुझ्या हातात देईन.

श्रीनिवास


केलीव्हिल
सोमवार, १४ सप्टेंबर १९९८

सुहास,

याच्यासोबत दुसरं पाकीट आहे. गुरुवारचं आहे. शनिवारी ते दिवसभर माझ्या कोटाच्या खिशात होतं.

मी अकरा वाजता पोचलो. दार तूच उघडलंस. "ये दादा, विमानात काही दिलं का खायला?" एवढंच बोललीस आणि आत गेलीस. मग तासभर मी तुझ्या स्वयंपाकघरात उकडलेले बटाटे सोलत बसलो, तू वड्यांचं वाटण करत होतीस, आणि आपण दोघंच होतो. खिशात हात घालायला चार वेळा संधी आली. एकदा तूच म्हणालीस, काही हवंय का? मी म्हटलं, मीठ. मीठ समोरच होतं.

मग माणसं जमली. तीस-पस्तीस तरी असतील. हर्बर्टचे वसईकर, तुझ्या हॉस्पिटलातल्या बायका, लायब्ररीतल्या दोन म्हाताऱ्या. केलीने चादर ओढली आणि ते पान भिंतीवर दिसलं, एवढं मोठं की मला दारातून वाचता येत होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू पुढे आली नाहीस, टेबलाशीच उभी राहिलीस. केली म्हणाली, "डॅड, यू रीड इट. इन मराठी. एव्हरीवन, लिसन!"

हर्बर्टला वाचता येतं हे मी विसरलोच होतो. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला माणूस. पण माझ्या डोक्यात तो 'ते लोक' होता, आणि ते लोक मराठी वाचत नाहीत.

त्याने चष्मा शर्टाला पुसला. बापूंच्या आजोबांपासून सुरू केलं. खणखणीत वाचत होता, जन्म, मृत्यू, गाव, मुलगे. मग त्या पिवळ्या ओळीशी आला आणि थांबला. तुम्हा दोघांना माझं पत्र मिळालेलं होतं, म्हणजे त्याला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं, आणि पस्तीस माणसांसमोर बायकोच्या नावापुढे ते छापलेलं बघणं वेगळं. मी जमिनीकडे बघायला लागलो.

त्याने वाचलं, "सुहासिनी. जन्म एकोणीसशे त्रेपन्न. विवाह एकोणीसशे शहात्तर. पती हर्बर्ट लोपीस, राहणार वसई. कन्या केली." आवाज जरासुद्धा हलला नाही. त्यातलं नाव आणि जन्म एवढंच त्या ओळीत होतं. बाकीचं तो कोऱ्या काचेवरून वाचत होता. केलीने तुझ्याकडे बघितलं, तिचा चेहरा असा फुलला होता.

तिथे संपलं असतं. पण केली म्हणाली, "कीप गोइंग, डॅड, देअर्स मामाज बिट अ‍ॅट द बॉटम." आणि हर्बर्टने तेही वाचलं. ते मात्र जसं छापलं होतं तसंच वाचलं. "श्रीनिवास, यंत्र अभियंता. स्वकर्तृत्वाने ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली कुळातील पहिली व्यक्ती."

केलीचं मराठी तसं बेतास बात, पण 'पहिली' तिला कळतं. "पहिली मीन्स फर्स्ट, राइट? बट दॅट्स रॉन्ग. मम केम फर्स्ट! मामा, यू लिव्ड इन माय रूम!" सगळे हसले. मीही हसलो. मला हसता आलं, हे लिहिताना तोंड लपवावंसं वाटतं. आणि तू, सुहास, टेबलाशी सुरी हातात घेऊन म्हणालीस, "अगं, छापणाऱ्यांच्या हातून होतात चुका. चल, केक कापू."

पहिला तुकडा तू मला दिलास. मी खाल्ला.

आता गुरुवारच्या पत्रात जे लिहिलं नाही ते. तिथे मी हर्बर्टच्या नावावर सगळं ढकललं आहे. त्याची लाज वाटली, हे खोटं नाही. पण ते पुरेसं नव्हतं. त्याच फॉर्मवर खाली वेगळा रकाना होता, 'परदेशस्थ व्यक्तींनी विशेष परिचय द्यावा.' तू जिवंत राहिली असतीस तर तिथे मला काय लिहिता आलं असतं? १९७८ साली आलेल्या नर्स बहिणीच्या हमीवर आला, तिच्या घरी राहिला, तिच्या नवऱ्याने ओळखीतून पहिली नोकरी मिळवून दिली, असं? मला पहिलं व्हायचं होतं. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, एका ग्रंथातल्या दोन ओळींसाठी. तो ग्रंथ पुण्यातली सत्तर-ऐंशी घरं एकदा उघडून माळ्यावर टाकणार होती. तुझा धर्म, तुझं लग्न, आईची अब्रू, हे सगळं मी मागाहून त्यावर चढवलं. ऐकायला बरं वाटतं म्हणून. खरं कारण इतकं क्षुद्र आहे की मेधालासुद्धा सांगितलं नव्हतं. आज सांगितलं.

आज दुपारी केलीलाही फोन केला. तुला विचारायला हवं होतं. पण तुला विचारलं असतं तर तू 'राहू दे दादा' म्हणाली असतीस, आणि मी ते आनंदाने राहू दिलं असतं. इंग्रजीत ही गोष्ट फार लहान होते. तिला म्हटलं, ते छापलेलं तुझ्या वडिलांनी वाचलं तसं नाही, तुझी आई लहानपणी मेली असं तिथे आहे, आणि ते मी लिहून दिलं. तो आकडा अनुक्रमांक नव्हता. खालची ओळही मी दिली.

ती म्हणाली, "बट डॅड रेड इट."

मी म्हटलं, हो.

"ही रेड हिज ओन नेम. अँड इट वॉझन्ट देअर."

हो, म्हटलं.

"ओ, डॅड," म्हणाली. मला नाही, स्वतःशीच. आणि रडायला लागली, आणि फोन ठेवला. तिला आता काय वाटत असेल ते तू बघ. ती फ्रेम उतरवायची की ठेवायची ते तिने ठरवावं. चारुदत्तकाकांनाही पत्र टाकलं आहे. पुरवणी निघते आहे, त्यात शुद्धिपत्र येईल. तुझी ओळ पूर्ण, आणि माझ्या ओळीत, 'भगिनी सुहासिनी हर्बर्ट लोपीस यांच्या आधाराने'. काकांनी कारण विचारलं तर तेही लिहीन.

एक गोष्ट राहिली. शनिवारी संध्याकाळी हर्बर्ट मला विमानतळावर सोडायला आला. मी म्हणालो होतो टॅक्सी करतो, त्याने ऐकलं नाही. विमानतळाच्या रस्त्याला लागल्यावर मी म्हटलं, हर्बर्ट, ते पान. तो म्हणाला, "वाचलं ना मी, दादा. झालं." मग थोड्या वेळाने म्हणाला, "आईंच्या दिवशी आम्ही वेरिबीच्या चर्चमध्ये मिस्सा ठेवतो, त्यांच्या नावाने प्रार्थना. दर ऑक्टोबरला. फादर घरातल्यांची नावं वाचतात, कुणाकुणाच्या वतीने आहे ती. सुहास लिहून देते."

मी विचारलं, कुणाची नावं?

"तुमचं पहिलं. थोरला मुलगा म्हणून. मग तिचं, मग माझं, मग केली."

गाडी थांबली होती. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी थँक यू म्हणालो आणि उतरलो.

सुहास, मी तुझं नाव काढलं आणि तू दर वर्षी माझं पहिलं लिहून देत होतीस, त्या माणसांत, ज्यांना मी आपलं म्हटलं नाही. येत्या ऑक्टोबरात तू पुन्हा ती यादी करशील. माझं नाव वर नको, खाली घाल, शेवटी घाल, केलीच्याही मागे. काढू नकोस म्हणायचा मला हक्क उरलेला नाही, हे मला कळतं. तरीही म्हणतो. काढू नकोस.

दादा